चार मिनिटांत बंद केलेली तक्रार

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या सांधेविकार विभागाच्या प्रमुख, प्राध्यापिका साल्हा शाबूनी. व्यासपीठावर विराजमान असलेले आमच्या रुग्णालयाचे संचालक, सन्माननीय सी हाफेद एल्लूझ. राजधानीहून सकाळच्या गाडीने मुद्दाम स्फाक्सला आलेले समितीचे सन्माननीय सदस्य. पुढच्या रांगेतले माझे गुरुजन, मधल्या रांगांतली डॉक्टर मंडळी, परिचारिका भगिनी. मागे दाराजवळ उभे राहून बदामाच्या मिठाईच्या ताटांवर लक्ष ठेवून असलेले आमचे क्ष-किरण विभागाचे बंधू. आणि जिथे बसवलंय तिथे अवघडून बसलेल्या, आजच्या सत्कारमूर्ती लल्ला रौधा केस्केस, तुम्हा सर्वांना डॉक्टर अनीस घोर्बेलचा नम्र सलाम.

मला तीन मिनिटं दिलेली आहेत. तीन मिनिटांत लल्लांच्या एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल चार गोड वाक्यं बोलायची, त्यांच्या हाती भेट द्यायची आणि खाली बसायचं, असं ठरलेलं आहे. तशी चार वाक्यं मी लिहूनही आणली होती. कागद या खिशात आहे. तो खिशातच राहू दे, कारण त्यात एकही वाक्य खोटं नसलं तरी सगळा कागद खोटा आहे.

येत्या मंगळवारी समितीचे हे सदस्य एका कागदावर सह्या करणार आहेत. त्या कागदानुसार मी तयार केलेली 'सदफ' ही हाडांची झीज मोजणारी संगणकप्रणाली देशातल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात वापरली जाईल. सध्या ती चौदा ठिकाणी आहे. ती अचूक आहे, असं मी आठ वर्षांपूर्वी एका लेखात सिद्ध केलं. त्या लेखावर मी प्राध्यापक झालो, त्या लेखावर मला पुरस्कार मिळाला. मंडळी, सदफ अचूक नाही. अचूक होत्या लल्ला रौधा, आणि त्या आज घरी चालल्या आहेत. हे आज, या माईकवर बोललो नाही, तर मंगळवारनंतर कितीजणांच्या हाडांबद्दल खोटं सांगितलं जाईल, ते मला ठाऊक नाही. म्हणून बोलतो. सी हाफेद, तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत ते मी पाहिलं. थोडं सांभाळून घ्या.

पण आधी लल्लांबद्दल. इथे असे काही नवे डॉक्टर आहेत ज्यांना वाटतं, लल्ला म्हणजे स्कॅनच्या खोलीतल्या त्या चष्मेवाल्या बाई, ज्या 'दार लावून घ्या' म्हणून ओरडतात. बरोबर आहे, ओरडतात. माझ्यावरही ओरडल्या आहेत. आमवाताच्या रुग्णाचा हात त्या यंत्रात ठेवला की तीन मिनिटं बोट हलता कामा नये. केसाएवढं हललं तरी चित्र फसतं. आता ज्या बाईची बोटं रात्रंदिवस ठणकतात, तिला 'हलू नका' म्हणून सांगणं किती सोपं? मी सांगायचो, तर बायका जास्तच हलायच्या. लल्ला काय सांगायच्या? "ताई, डोळे मिटा. ईदचा शरमूला करायला घेतलाय. कांदा परतायला टाका. मनुका घाला. आता ढवळा, मनातल्या मनात ढवळा, हात हलवाल तर करपेल हं!" आणि त्या बाया अशा थिजून पडायच्या की यंत्रालाही नवल वाटावं. एक म्हातारी तर तीन मिनिटांनी डोळे उघडून म्हणाली, "अगं, मीठ घालायचं राहिलं, परत लाव." परत लावायला लागलं नाही. चित्र पहिल्याच वेळी स्वच्छ आलं होतं.

अशी स्वच्छ चित्रं मला मिळत होती. अकरा वर्षांपूर्वी त्या चित्रांवर मी सदफ उभी केली. हाडाचं बाहेरचं कवच संगणकाने शोधायचं, त्याच्याभोवती रेघ ओढायची, आणि त्या कवचाला रोगाने कुठे भोक पाडलंय, किती खोल पाडलंय, ते मोजायचं. सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. भोक वाढलं तर औषध वाढवा, थांबलं तर तसंच चालू द्या. मी काय केलं माहीत आहे? सगळी प्रणाली जगासाठी उघडी ठेवली. कुणीही घ्यावी, फुकट वापरावी, आतल्या कोडचं एकेक अक्षर वाचावं, चूक दिसली तर सांगावी. त्यासाठी आमच्या सार्वजनिक पानावर तक्रारींची वेगळी जागा ठेवली. भाषणांत मी छाती फुगवून सांगायचो, "आमच्याकडे कुलूप नाही, दार नाही, सगळं उघडं!" टाळ्या पडायच्या. तुम्हीच वाजवल्यात त्या.

पहिल्याच वर्षी एके दुपारी लल्ला माझ्या खोलीत आल्या. हातात दोन चित्रं होती. म्हणाल्या, "सी अनीस, तुमच्या सदफला एक समजत नाही."

मी म्हटलं, "काय समजत नाही?"

"दाराला कुलपासाठी पाडलेलं भोक असतं, आणि उंदराने कुरतडलेलं भोक असतं. दोन्ही भोकंच. पण कुलपाचं भोक पाहून कुणी उंदराचं औषध आणत नाही. हे पाहा. या बाजूने रक्तवाहिनी हाडात शिरते. तिचं भोक जन्माचं आहे. कडा गुळगुळीत, भिंती सरळ, आणि जागा ठरलेली. हे दुसरं पाहा, खडबडीत, खाल्लेलं. सदफ दोन्ही मोजते. आणि मोठं भोक असलं की तिची रेघ आतच घसरते, ते वेगळंच."

शंभर टक्के बरोबर बोलल्या होत्या. आणि मी काय म्हणालो? साल्हा मॅडम, तुम्ही तेव्हा शेजारच्याच खोलीत होतात, तुम्ही ऐकलं असेल कदाचित. मी म्हणालो, "लल्ला, तुम्ही चित्रं काढा. हाडांचं आम्ही बघतो." आणि वर हेही सांगितलं, "अन् हो, संध्याकाळी फोल्डरमध्ये वेडीवाकडी रेघ दिसता कामा नये. पाहुणे येतात, बरं दिसत नाही."

झालं. हुकूम तो हुकूम. त्या दिवसापासून लल्ला रोज दुपारी, शेवटचा रुग्ण गेला की, दिवसभराची सगळी चित्रं पुन्हा उघडायच्या. सदफने ओढलेली रेघ जिथे घसरली असेल तिथे हाताने सरळ करायच्या. रक्तवाहिन्यांची भोकं मोजणीतून काढून टाकायच्या. आणि त्याच नावाने, त्याच जागी, सदफचं काम म्हणून जपून ठेवायच्या. वॉर्डातल्या पलंगांवरच्या चादरी नीट कराव्यात तसं. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आठ वर्षांपूर्वी मी तो प्रसिद्ध लेख लिहिला. पद्धत साधी होती. शंभर रुग्णांची चित्रं घेतली, दोन तज्ज्ञांकडून त्यांच्यावर हाताने रेघा काढून घेतल्या, आणि फोल्डरमधल्या सदफच्या रेघांशी त्या ताडून पाहिल्या. शंभरातल्या सत्त्याण्णव तंतोतंत जुळल्या. मी आनंदाने टेबलावर हात आपटला होता. परीक्षकांनी लिहिलं, 'आश्चर्यकारक.' आश्चर्यकारकच होतं ते. एका जाणत्या माणसाच्या रेघा दुसऱ्या दोन जाणत्या माणसांच्या रेघांशी जुळल्या होत्या, आणि संगणकाचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

थोडं पाणी घेतो.

लेख छापून आल्यावर वर्षभराने आमच्या सार्वजनिक पानावर एक तक्रार आली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, शब्दकोश शेजारी ठेवून लिहिल्यासारखी. 'रक्तवाहिनीचे भोक रोग म्हणून मोजले जाते. सोबत चार चित्रे. कृपया पाहावे.' चित्रांवर बाणही काढले होते. ज्या आठवड्यात मला पुरस्कार जाहीर झाला त्याच आठवड्यातली गोष्ट. कुणा अनोळखी माणसाने लिहिलेली तक्रार होती. मी घाईत होतो, नीट न वाचता—

नाही. थांबा. खोटं बोललो आत्ता. पाहा, इथे उभा राहूनही जीभ वळते तिकडेच वळते.

मी ती नीट वाचली होती. आणि अनोळखी कसली? तक्रार करणाऱ्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं 'शरमूला'. हसा, हसा, मीही तेव्हा हसलो होतो. जगाच्या पाठीवर हाडांचं स्कॅन पाहणारा आणि स्वतःला शरमूला म्हणवणारा दुसरा माणूस कोण असणार? चित्रं आमच्याच यंत्रातली होती, कोपऱ्यातल्या खुणेवरून मी ओळखली. मला ठाऊक होतं, लल्लांनी लिहिलंय. हेही ठाऊक होतं की खरं लिहिलंय. आणि मला राग आला. खोलीत येऊन सांगितलं तेव्हा ऐकलं नाही, तर आता चारचौघांत सांगतात? ज्या बाईकडे डॉक्टरकीची पदवी नाही ती मला हाडं शिकवणार? आणि तेही पुरस्काराच्या आठवड्यात? मी उत्तर टाकलं: 'प्रणालीत दोष नाही. ही वापरणाऱ्याची चूक आहे. सूचनापुस्तिका वाचावी.' आणि तक्रार बंद केली. तक्रार आल्याची वेळ आणि बंद केल्याची वेळ दोन्ही त्या पानावर नोंदलेल्या आहेत. मध्ये चार मिनिटं आहेत. त्यांनी शब्दकोश घेऊन किती दुपारी घालवल्या असतील, ते त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या. मी नजर चुकवली. त्या म्हणाल्या, "अभिनंदन, सी अनीस. पुरस्कार मिळाला म्हणे." मी 'धन्यवाद' म्हणालो. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. आता वाटते. जिन्याने चढताना रोज वाटते.

सात वर्षं अशीच गेली. आणि या वसंतात लल्लांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या सहा आठवडे रजेवर गेल्या. मंडळी, तुम्हाला ते सहा आठवडे आठवतात ना? डॉक्टर मंडळी माना खाली घालताहेत, म्हणजे आठवतात. आमच्या विभागातल्या प्रत्येक रुग्णाची हाडं बिघडायला लागली. ज्यांचा रोग पाच वर्षं गप्प होता त्यांचीही बिघडली. तातडीची बैठक बोलावली. मी स्वतः औषधांच्या नव्या साठ्यावर संशय घेतला. एकाने नळाच्या पाण्यावर घेतला. एका विद्वानाने तर समुद्रावरच्या दमट वाऱ्यावर घेतला, नाव सांगत नाही, ते दुसऱ्या रांगेत बसलेत आणि आता लालेलाल झालेत. आम्ही वीस शिकलेली माणसं तासभर बसून अख्ख्या शहराची हाडं का कुजताहेत यावर वाद घालत होतो! मग लल्ला काठी टेकत परत आल्या, आणि दोन आठवड्यांत शहराची हाडं बरी झाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दुपारी त्यांच्या खोलीत गेलो. त्या पडद्यासमोर बसल्या होत्या, दुखरा पाय स्टुलावर ठेवलेला. एकेक चित्र उघडत होत्या, रेघ सरळ करत होत्या. मी मागे उभा राहिलो. त्यांनी वळून पाहिलं नाही.

मी विचारलं, "लल्ला, हे काय करता?"

"तुम्हीच सांगितलंत ना, वेडीवाकडी रेघ दिसता कामा नये म्हणून."

"कधीपासून?"

"तुम्ही सांगितलंत तेव्हापासून."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, "अहो, मग तुम्ही ओरडला का नाहीत?"

तेव्हा त्यांनी माउस खाली ठेवला. चष्मा काढला. म्हणाल्या, "ओरडले होते की. दोनदा. तिसऱ्यांदा ओरडायला वेळ कुठे होता, सी अनीस? बाहेर बायका रांगेत बसलेल्या असायच्या. कुणाचं औषध वाढणार, कुणाचं थांबणार, त्या आकड्यावर. तुमच्याशी भांडत बसू की रेघा सरळ करू?"

त्यांनी पुन्हा चष्मा लावला आणि पुढचं चित्र उघडलं.

तुम्ही म्हणाल, बरं झालं, इथल्या रुग्णांचं तर काही वाईट झालं नाही. लल्ला होत्या म्हणून नाही झालं. पण बाकीच्या तेरा रुग्णालयांत लल्ला नव्हत्या! मी एकेका ठिकाणी फोन केला. नुसतंच विचारलं, 'सदफ कशी चाललीय?' खरं विचारायची छाती नव्हती. बहुतेकांनी 'उत्तम' म्हटलं. दक्षिणेकडच्या एका शहरातल्या डॉक्टर इम्तिनान मात्र म्हणाल्या, "प्राध्यापक, एक विचारू? रागावू नका. आमच्याकडे एक विणकर बाई आहे. तिची सूज उतरलेली, रक्त स्वच्छ, दुखणं नाही, आणि सदफ म्हणते हाडं झपाट्याने जाताहेत. दोन वर्षांपूर्वी मला शंका आली होती. मी तुमच्या पानावर शोधलं. कुणीतरी अगदी हाच प्रश्न आधी विचारला होता. त्यावर तुमचं उत्तर होतं, वापरणाऱ्याची चूक. मग मला वाटलं, चूक माझीच असणार. तुम्ही म्हणताय म्हटल्यावर मी सदफचा आकडा धरला."

समजलं ना? माझी चार मिनिटं पाच वर्षं त्या पानावर पडून होती. आणि एका प्रामाणिक डॉक्टरला खरी शंका आली, तेव्हा ती शंका त्या चार मिनिटांनी मारून टाकली.

मी गेलो तिकडे. लल्लाही आल्या. गुडघा दुखत असताना पाच तासांचा प्रवास करून आल्या, मी नको म्हणत असताना. बाईचं नाव फज्रिया. वय असेल साठीच्या आसपास. सदफच्या आकड्यावरून तिला जोरदार इंजेक्शनं सुरू झाली होती, आणि त्यांपायी दोनदा छातीला संसर्ग होऊन ती दवाखान्यात पडली होती. बोटांना ताण नको म्हणून विणकाम बंद करायला सांगितलं होतं. वयाच्या नवव्या वर्षापासून ती मागावर बसत आली होती. बंद म्हणजे बंद. माग मोडला, त्याच्या लाकडांचा अंगणात कोंबड्यांसाठी खुराडा केला. अर्धा विणलेला गालिचा गुंडाळून कपाटावर टाकलेला होता.

लल्लांनी तिचा हात हातात घेतला, तिची जुनी चित्रं मी माझ्या संगणकावर उघडली, आणि दोघांनी मिळून पाहिली. तीन भोकं होती. तिन्ही गुळगुळीत, तिन्ही ठरलेल्या जागी. जन्माची. सदफची रेघ मात्र दरवेळी जरा जास्तच आत घसरली होती.

मी तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, आणि विचारलं, "म्हणजे लेकरा, माझी हाडं चांगली होती?"

"हो, मावशी."

"दोन्ही वर्षं?"

"हो."

ती बोटं उघडून, मिटून पाहायला लागली. मग म्हणाली, "मग मी दोन वर्षं सुनेकडून कणीक मळून का घेत होते रे? ती मेली इतकी पातळ मळते!" आणि हसली. आणि हसता हसताच रडायला लागली. म्हणाली, "माझ्या नातीला मी गालिच्याच्या गाठी शिकवणार होते. ती यंदा लग्न होऊन गेली."

मंडळी, ती मला शिव्या देईल अशी तयारी करून मी गेलो होतो. शिव्या परवडल्या असत्या. तिने आम्हाला जेवू घातलं. निघताना लल्लांच्या पदरात अंडी घातली, त्याच खुराड्यातली. आम्ही परत निघालो. गाडी आपल्या शहरात शिरली तेव्हा लल्ला म्हणाल्या, "अजून बारा रुग्णालयं राहिली."

म्हणून आज उभा आहे. आज सकाळी मी त्या नियतकालिकाला पत्र पाठवलं आहे की माझा लेख मागे घ्यावा, त्यातले निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि का चुकीचे आहेत तेही लिहिलं आहे. समितीच्या सदस्यांनो, तुमच्यासाठी प्रत आणली आहे. कृपा करून मंगळवारी सही करू नका. पत्राचं कळल्यावर सी हाफेद चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "अनीस, आजच कशाला? बाईंच्या निरोपाच्या दिवशी?" त्यांचा हेतू चांगलाच होता. पण सी हाफेद, उद्या त्या नसतील. उद्या मी बोललो असतो, तर 'संगणकात एक त्रुटी सापडली' असं बोललो असतो. मी मला ओळखतो. त्या समोर बसलेल्या असतानाच माझ्या तोंडून खरं निघतं, आणि तेही दुसऱ्या प्रयत्नात, हे तुम्ही आत्ताच पाहिलंत.

चौदाही ठिकाणी कळवलं आहे की सदफचा आकडा एकट्याने धरू नये, चित्र जाणत्या माणसाने डोळ्यांनी पाहावं आणि रेघ हाताने तपासावी. सात वर्षांपूर्वीची ती तक्रार आज सकाळी मी पुन्हा उघडली. खाली लिहिलं: 'आपले बरोबर होते. चूक माझी होती, आणि मला ती तेव्हाच माहीत होती. अनीस घोर्बेल.' जगात कुणीही वाचू शकतं. साडेअकराला त्यावर शरमूलाचं उत्तर आलं. मी वाचून दाखवतो. 'वाचले. सोबत आणखी सव्वीस चित्रे पाठवत आहे. रेघ आत कशी घसरते तेही आता पाहावे.' लल्ला, डोळे वटारू नका. सगळ्यांना कळू दे. ज्या दिवशी तुम्ही निवृत्त होताय त्या दिवशी सकाळी साडेअकराला तुम्ही कामच करत होतात.

तुमचा सत्कार मी काय करणार? विभागातर्फे ही मक्केच्या प्रवासाची तिकिटं आहेत, तुमच्यासाठी आणि तुमच्या यजमानांसाठी, ती साल्हा मॅडमच्या हस्ते दिली जातील. ती विभागाची भेट आहे, माझी नाही. माझ्याकडे तुम्हाला द्यायला तुमचंच आहे ते आहे. अकरा वर्षांत आठ हजारांवर चित्रं, त्यांतल्या प्रत्येकावर तुमची रेघ. त्या सगळ्या संग्रहावर आजपासून तुमचं नाव आहे, सार्वजनिक पानावर, पहिल्या ओळीत. हा उपकार समजू नका, उशीर समजा.

आता आभार. अध्यक्षांचे, संचालकांचे, समितीचे, सभागृह सजवणाऱ्यांचे आणि मिठाई करणाऱ्या सर्व भगिनींचे मनापासून आभार. तीन मिनिटांची पंचवीस झाली, तेवढ्यापुरती क्षमा करा. याहून जास्त क्षमा मी मागत नाही. 'काही उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला' असं म्हणून वक्त्याने बसायचं असतं. लल्लांनी माझं अकरा वर्षं पोटात घातलं, आणि ते दक्षिणेत जाऊन फज्रियामावशीच्या हातांवर निघालं. तेव्हा यापुढे माझं काहीही पोटात घालू नका. आज या भाषणात कुठे स्वतःला सांभाळून घेतलं असेन, काही झाकलं असेन, तर इथेच, सगळ्यांसमोर, मला सांगा.

लल्ला, तुमच्यापासून सुरुवात. नाही, उठू नका, गुडघा दुखेल. मी माईक तुमच्याकडे घेऊन येतो. तुम्ही बसून बोला, मी उभा राहून ऐकतो.